निम्मी निवडणूक

निवडणूक लागली की आपल्या पारावर पहिला प्रश्न येतो, ‘तिकीट कोणाला?’ हा. मुंबईहून काय निरोप आला, दिल्लीत कोण जाऊन बसला, कोणाचे कापले, कोणाचे पक्के झाले, यावर चार-चार तास चर्चा होते. शेतातला कापूस वेचायचा राहतो, पण ही चर्चा राहत नाही. मात्र ‘तिकीट कोणी ठरवायचे?’ असे विचारणारा माणूस आम्हाला पारावर अजून भेटलेला नाही. पाऊस पडणे जसे आपल्या हाती नाही, तसे तिकीटही आपल्या हाती नाही, असे आपण धरूनच चाललो आहोत.

शेतकरी भावांनो, मायबहिणींनो, कापसाचेच उदाहरण घ्या. घरात कापूस भरून पडला आहे. दारात दोन व्यापारी आले. ‘याला घाला नाहीतर त्याला घाला, तुमची मर्जी,’ असे आपल्याला सांगितले जाते. आपणही मर्जीचे मालक असल्यासारखे मिशीवर ताव देतो. पण या गावात कोणते दोन व्यापारी पाठवायचे हे जिनिंगच्या ओट्यावर आदल्या रात्रीच ठरलेले असते. निवडणुकीचे असेच आहे. तिचे दोन भाग असतात. उभे कोणी राहायचे हा पहिला, उभे राहिलेल्यांतून कोण निवडून द्यायचा हा दुसरा. आपल्या हाती जे मत आहे ते फक्त दुसऱ्या भागाचे. म्हणजे निम्म्या निवडणुकीचे.

ही निम्मी निवडणूकसुद्धा फुकट घालवण्यासारखी नाही, हे आधी सांगतो. आपल्याकडे ज्याला सर्वांत जास्त मते तो निवडून येतो. निम्म्याहून जास्त मते लागत नाहीत, दुसऱ्यापेक्षा एक जास्त असले तरी पुरते. २०२४ साली धुळे लोकसभेची जागा ३,८३१ मतांनी फिरली. धुळे शहर, धुळे ग्रामीण, शिंदखेडा, मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण अशा सहा विधानसभा मतदारसंघांवर हा फरक वाटला, तर एकेका ठिकाणी साडेसहाशेसुद्धा येत नाहीत. २०१९ साली मुक्ताईनगर विधानसभेचा निकाल १,९५७ मतांनी लागला. एका मोठ्या गावाच्या रुसण्याफुगण्यात एवढी मते असतात. त्याच २०२४ सालातली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. कांद्यावरची निर्यातबंदी ८ डिसेंबर २०२३ ला आली आणि ४ मे २०२४ ला उठली. धुळ्याचे, नाशिकचे, दिंडोरीचे मतदान होते २० मेला. सरकारला कांदा उत्पादकाची आठवण नेमकी कोणत्या पंधरवड्यात झाली, ते पाहा.

पण या निम्म्या मताचीही आपण हेळसांड करतो. त्या वर्षी आखाजी १० मेला होती आणि जळगाव, रावेर, नंदुरबारचे मतदान १३ मेला. खानदेशातली प्रत्येक सासुरवाशीण आखाजीला माहेरी येते, झोके घेते, गौराईची गाणी म्हणते. तिचे मत मात्र सासरच्या यादीत. काहींचे तर लग्नाला आठ वर्षे झाली तरी माहेरच्याच यादीत, आणि ज्या वर्षी आखाजीला येणे झाले नाही त्या वर्षी मतही नाही. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांचे तसेच. धुळे जिल्ह्यात तर आणखी गुंता आहे. साक्री आणि शिरपूर हे तालुके धुळ्याचे, पण लोकसभेला ते नंदुरबारमध्ये मोडतात. त्यांचे मतदान १३ मेला झाले आणि उरलेल्या जिल्ह्याचे २० मेला. साक्रीत घर आणि धुळे तालुक्यात शेती असलेले काहीजण २० तारखेची वाट पाहत बसले आणि मताला मुकले.

यादीत नाव नसेल तर नमुना ६, पत्ता बदलला असेल किंवा नावात चूक असेल तर नमुना ८. पूर्वी वर्षातून एकदाच १ जानेवारीला अठरा वर्षे पुरी झालेल्यांची नोंद होत असे. २०२२ पासून जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या चारही महिन्यांची पहिली तारीख धरतात. मतदार ओळखपत्र सापडत नसेल तर फोटो असलेले बँकेचे किंवा पोस्टाचे पासबुक २०२४ च्या निवडणुकीत चालले होते. नुसती चिठ्ठी चालत नाही. आपण जाण्याआधीच आपल्या नावावर कोणी मत टाकून गेला असेल, तर हात हलवत परत येऊ नका. ओळख पटवून प्रदत्त मतपत्रिका मागा, तो आपला हक्क आहे. बटण दाबल्यावर शेजारच्या यंत्राच्या काचेत सात सेकंद चिठ्ठी दिसते. ती पाहिल्याशिवाय हलू नका. आणि जे कार्यकर्ते बूथवर प्रतिनिधी म्हणून बसतात त्यांनी मतदान संपल्यावर नमुना १७ क ची प्रत हातात घेतल्याखेरीज उठू नये. त्या केंद्रावर एकूण किती मते पडली याचा तो दाखला असतो. दिवसभर चहा पिऊन बसायचे आणि शेवटचा कागद न घेता घरी जायचे, हे मोजमाप झाल्यावर काटापट्टी न घेता बाजारातून निघण्यासारखे आहे.

एवढे झाले निम्म्याबद्दल. आता उरलेल्या निम्म्याकडे वळू.

पक्षाचे तिकीट म्हणजे कागदावर काय असते? ए फॉर्म आणि बी फॉर्म असे दोन कागद. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत ते निवडणूक अधिकाऱ्याच्या टेबलावर पोचले की माणूस पक्षाचा उमेदवार झाला. त्या कागदावर सही कोणाची? पक्षाने ज्याला अधिकार दिला त्याची. त्याने कोणाला विचारून सही करावी याबद्दल आपल्या देशाचा कायदा काही म्हणत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९ अ खाली पक्षाची नोंदणी होते. त्यात पक्षाला राज्यघटनेवर निष्ठा लिहून द्यावी लागते. पण उमेदवार सभासदांच्या मताने निवडीन, असे कोठेही लिहून द्यावे लागत नाही. सोसायटीच्या शिपायाची नेमणूक करायची तर ठराव लागतो. पंधरा-वीस लाख मतदारांपुढे उभा करायचा माणूस निवडायला मात्र कोणाचा ठराव लागत नाही!

आपल्याच जिल्ह्यांत काय घडले ते आठवा. २०१४ साली रावेर लोकसभेसाठी भाजपने आधी त्या वेळचे खासदार हरिभाऊ जावळे यांचे नाव जाहीर केले आणि मग बदलून रक्षा खडसे यांना उमेदवारी दिली. २०१९ साली जळगावला खासदार ए. टी. पाटील यांना थांबवून स्मिता वाघ यांचे नाव आले. प्रचार सुरू झाला, मग तेही नाव बदलले आणि चाळीसगावचे त्या वेळचे आमदार उन्मेष पाटील उमेदवार झाले. २०२४ ला उन्मेष पाटील यांचे तिकीट गेले आणि स्मिता वाघ यांना मिळाले. धुळ्यात त्याच वर्षी काँग्रेसने नाशिकच्या माजी महापौर शोभा बच्छाव यांना उभे केले, तेव्हा बाहेरचा उमेदवार का, म्हणून पक्षाच्याच स्थानिक पदाधिकाऱ्यांनी राजीनामे दिले. या मंडळींपैकी कोणाच्या लायकीबद्दल आम्हाला येथे काही म्हणायचे नाही. आमचा मुद्दा वेगळा आहे. हे फेरफार होत असताना त्या-त्या पक्षाचा झेंडा खांद्यावर घेऊन वीस वर्षे फिरलेल्या पारोळ्याच्या किंवा सटाण्याच्या शेतकऱ्याला कोणी विचारले? त्याला वर्तमानपत्रातून कळले. आपल्यालाही तेव्हाच कळले.

आणि जळगावसारख्या ठिकाणी तर हाच खरा प्रश्न आहे. ही जागा १९९९ पासून सलग एकाच पक्षाकडे आहे. मागच्या निवडणुकांत निकाल लाखांच्या फरकाने लागले. जेथे दुसरा भाग असा एकतर्फी असतो तेथे खरी निवडणूक तिकिटाच्या दिवशीच होऊन गेलेली असते. आपण नंतर उन्हात रांगेत उभे राहून तिच्यावर शिक्का मारतो.

मग दुसरीकडे कसे चालते? अमेरिकेत या पहिल्या भागालाही मतदान असते. त्याला ते ‘प्रायमरी’ म्हणतात, म्हणजे प्राथमिक निवडणूक. नोव्हेंबरातल्या मुख्य निवडणुकीआधी काही महिने प्रत्येक पक्षाच्या इच्छुकांत मतदान होते, सरकारी यंत्रणाच ते घेते, आणि जो जिंकेल तो त्या पक्षाचा उमेदवार. काही राज्यांत मतदार यादीत ज्याने आपला पक्ष नोंदवला आहे त्यालाच त्या पक्षाच्या प्रायमरीत मत. काही राज्यांत कोणीही जाऊ शकतो, फक्त एकाच पक्षाची मतपत्रिका घ्यायची. ही पद्धत आकाशातून पडली नाही. शे-सव्वाशे वर्षांपूर्वी तेथेही तिकिटे बंद खोलीत वाटली जात. त्याविरुद्ध लोक उठले आणि विस्कॉन्सिन राज्याने १९०३ साली उमेदवारच मतदानाने निवडण्याचा कायदा केला. मग एकेक राज्य त्या वाटेने गेले.

या हत्याराचा शेतकऱ्यांनी कसा उपयोग केला, ही हकीकत आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असायला हवी. नॉर्थ डाकोटा हे गहू पिकवणाऱ्यांचे राज्य. गहू त्यांचा, पण प्रत ठरवणारे, वखारवाले, रेल्वेचे भाडे ठरवणारे आणि कर्ज देणारे सगळे शेजारच्या मिनियापोलिस शहरातले. चांगला गहू हलक्या प्रतीचा ठरवायचा आणि विकताना चांगल्या प्रतीच्या भावाने विकायचा. कापसाची प्रत ग्रेडरच्या तोंडावर अवलंबून असण्याचा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना जास्त सांगायला नको. १९१५ साली आर्थर टाउनली नावाच्या, जवसाच्या शेतीत दिवाळे निघालेल्या माणसाने तेथे ‘नॉनपार्टिझन लीग’ उभी केली. पक्षविरहित संघ असे म्हणू. मोटारी घेऊन कार्यकर्ते वाडीवस्तीवर फिरले, वर्गणी घेऊन सभासद केले, स्वतःचे साप्ताहिक काढले.

नवा पक्ष त्यांनी काढला नाही. गावोगाव सभासदांच्या बैठका घेतल्या, प्रतिनिधी निवडले, आणि प्रतिनिधींनी आपले उमेदवार ठरवले. मग ते उमेदवार त्या राज्यात जो पक्ष हमखास निवडून येतो त्या रिपब्लिकन पक्षाच्या प्रायमरीत उभे केले आणि सगळ्या सभासदांनी त्यांना मते दिली. लिन फ्रेझियर नावाचा शेतकरी अशा रीतीने १९१६ साली राज्याचा गव्हर्नर झाला. १९१८ साली दोन्ही सभागृहे त्यांच्या हाती आली आणि १९१९ साली राज्याच्या मालकीची बँक आणि राज्याच्या मालकीची पिठाची गिरणी व धान्यकोठार यांचे कायदे झाले. ती बँक आणि ती गिरणी आजही चालू आहेत. पुढे त्या लीगमध्ये भांडणे झाली. टाउनलीचा कारभार स्वतः फारसा लोकशाहीचा नव्हता, आणि १९२१ साली फ्रेझियरला मतदारांनीच मुदतीपूर्वी घरी बसवले, तेही सांगितले पाहिजे. सरकारी बँक आणि सरकारी गिरणी हे शेतकऱ्याच्या सुटकेचे उत्तर आहे काय, यावर आमच्यातच दोन मते पडतील. पण ज्यांना राज्यकर्ते मोजतच नव्हते त्या शेतकऱ्यांनी चार वर्षांत राज्य घेतले, ते निवडणुकीच्या पहिल्या भागात शिरून घेतले. एवढे त्यातून घ्यायचे.

आपल्याकडे असे कोणी करून पाहिलेच नाही असे नाही. २०१४ च्या लोकसभेच्या वेळी काँग्रेसने देशातल्या पंधरा-सोळा मतदारसंघांत उमेदवार मतदानाने ठरवण्याचा प्रयोग केला. महाराष्ट्रात त्यात वर्धा आणि लातूर होते. वर्तमानपत्रांनी त्याला ‘प्रायमरी’ म्हटले. पण मतदार कोण? तालुका, जिल्हा समित्यांचे पदाधिकारी, पक्षाचे निवडून आलेले सदस्य, असे निवडक लोक. वर्ध्याच्या साध्या शेतकऱ्याला, अगदी तो पक्षाचा साधा सभासद असला तरी, त्यात मत नव्हते. दोन्ही जागा पक्ष हरला, आणि २०१९ ला तो प्रयोग पुन्हा झाला नाही. जिंकला असता तर? तरीही आम्ही त्याला प्रायमरी म्हटले नसते. मोजक्या पदाधिकाऱ्यांना मत आणि बाकीच्यांनी बाहेर उभे राहायचे, या पद्धतीला आपल्याकडे दुसरे नाव आहे. तिला बाजार समितीची निवडणूक म्हणतात.

येथे आपण आपल्या घरात आलो. पक्षांना नावे ठेवणे सोपे आहे. आपल्याच संस्थांत आपण काय चालवून घेतो?

गावची विविध कार्यकारी सोसायटी सरकारी भाषेत ‘प्राथमिक’ कृषी पतसंस्था आहे. आपली प्रायमरी तीच. तेथे बहुतेक ठिकाणी तेरा संचालक असतात. कायद्याने एका सभासदाला एकच मत, शेअर्स एक असो की शंभर. हे तेरा संचालक पुढे बाजार समितीचे मतदार होतात. बाजार समितीच्या अठरा जागांपैकी अकरा या सोसायट्यांच्या संचालकांनी निवडायच्या, चार ग्रामपंचायत सदस्यांनी, दोन अडते-व्यापाऱ्यांनी आणि एक हमाल-मापाड्यांनी. जिल्हा बँकेला तर सोसायटीतर्फे ठराव केलेला एकच माणूस मत देतो. समजा सोसायटीचे सहाशे सभासद आहेत. बाजार समितीला त्यांतले तेरा मत देणार, जिल्हा बँकेला एक. ज्याचा माल बाजारात जातो, ज्याच्या मालावर सेस बसतो, ज्याचे वजन मारले जाते आणि चुकारा अडकतो, त्याला मत नाही. म्हणून तर या निवडणुकांच्या आधी आठ दिवस मतदार मंडळी गावातून गायब होतात आणि मतदानाच्या सकाळी आरामगाडीतून थेट केंद्रावर उतरतात. मतदार थोडे असले की सहलीचा खर्च परवडतो. सहाशेजणांना सहलीला न्यायला गाड्या मिळणार नाहीत.

२०१७ साली राज्य सरकारने कायदा बदलला. किमान दहा आर जमीन आणि पाच वर्षांत तीन वेळा त्या बाजार समितीत माल विकलेला असेल त्या शेतकऱ्याला थेट मत. २०१८ साली सोलापूर, बार्शीला तशा निवडणुका झाल्या. २०१९ साली सरकार बदलले, आणि २०२० साली हा हक्क काढून घेण्यात आला. २०२२ साली पुन्हा सरकार बदलले आणि शेतकऱ्याला मत देण्याची घोषणा झाली. २०२३ च्या एप्रिलमध्ये प्रत्यक्ष निवडणुका झाल्या त्या जुन्याच मतदारांवर. फरक एवढाच की दहा आरवाल्या शेतकऱ्याला उभे राहण्याची मुभा मिळाली. म्हणजे तो उमेदवार होऊ शकतो, पण स्वतःला मत देऊ शकत नाही! सरपंच थेट निवडायचा की सदस्यांनी, याचेही याच सालांत असेच झाले. २०१७ ला थेट, २०२० ला रद्द, २०२२ ला पुन्हा थेट. आपले मत म्हणजे मुंबईतल्या खुर्च्यांबरोबर उघडझाप करणारी खिडकी झाली आहे.

त्या २०१७ च्या कायद्याचेही आम्ही आंधळे कौतुक करणार नाही. खानदेशातला कापूस घरातून खेडा खरेदीत जातो. केळी शेतातच कापली जाते आणि ट्रकात भरली जाते. समितीच्या आवारातल्या विक्रीच्या तीन पावत्या आमच्या किती शेतकऱ्यांकडे निघतील? सातबारा हाच दाखला पुरेसा मानला पाहिजे. निवडणुकीचा खर्च लहान समित्यांना पेलत नाही ही तक्रार मात्र खोटी नव्हती, तिला उत्तर द्यावे लागेल.

आमच्या यावल तालुक्यात फैजपूरला १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन झाले, खेड्यात भरलेले पहिले. लाखो शेतकरी जमले होते. दोनच महिन्यांनी कायदेमंडळांच्या निवडणुका झाल्या. तेव्हा मत कोणाला होते? ठरावीक सारा भरणाऱ्याला, कर भरणाऱ्याला, शिकलेल्याला. अधिवेशनासाठी माती वाहिलेल्या सालदाराला आणि बहुतेक बायांना ते नव्हते. १९५१-५२ ला सगळ्यांना मिळाले. लोकसभेपुरते आपण तेथून पुढे आलो. बाजार समितीत आपण अजून १९३७ सालातच आहोत.

आता जरा स्वतःकडे पाहू. आमच्यापैकी एकाच्या गावात सोसायटीची निवडणूक बिनविरोध झाली. गावाला कळले ते सत्काराचा फलक लागल्यावर. चौकशी केली तेव्हा मतदार यादी मिळाली. तिच्यात कितीतरी माणसे अशी की ज्यांच्या दशक्रियेला आम्ही जेवून आलो होतो. बाप जाऊन दहा वर्षे झाली, मुलगा शेती करतो, सातबाऱ्यावर वारस लागला, पण सोसायटीत वारस नोंद केलीच नाही. त्याला मत नाही. दुसरे जण थकबाकीदार. सोसायटीचे कर्ज थकले की त्या सभासदाला तेथे मताचा हक्क राहत नाही, असे सहकार कायद्याचे कलम २७ सांगते. ज्या वर्षी बोंडअळीने कापूस खाल्ला किंवा वादळाने केळी आडवी झाली, त्याच वर्षी शेतकऱ्याचा आवाजही जातो. ज्याला भाव मिळाला नाही त्याच्याकडूनच भावाबद्दल बोलण्याचा हक्क काढून घ्यायचा, ही तरतूद ज्याने लिहिली त्याने कधी कर्ज काढून पेरणी केली नसावी. तिसऱ्या बायाबापड्या. दिवसभर निंदणी-वेचणी करणाऱ्या बाईचे नाव सातबाऱ्यावर नाही, म्हणून ती सभासद नाही. मग महिलांच्या दोन राखीव जागांवर चेअरमनच्या घरातल्या दोघी जातात. सहीला कागद घरी येतो.

त्या फलकावर गावाने राग धरला, पण गेल्या पाच वर्षांत एकाही वार्षिक सभेला त्यांतले चार लोकही गेले नव्हते. लिहिणारासुद्धा गेला नव्हता.

आपल्या बैठकांत काहीजण विचारतात की अशा प्राथमिक निवडणुका आल्या तर पैसेवाला त्याही विकत घेईल, दोनदा पैसे वाटले जातील, एवढेच. शंका रास्त आहे. अमेरिकेतही प्रायमरीला मुख्य निवडणुकीपेक्षा लोक कमी येतात आणि पैसा भरपूर लागतो. तिकडचे सगळे गोड आहे असे आम्ही म्हणत नाही. आम्ही हिशेब एवढाच मांडतो, की आज तिकिटासाठी एका माणसाची मर्जी सांभाळावी लागते. ती मर्जी वीस हजार शेतकऱ्यांची सांभाळावी लागली, तर शेतकऱ्याच्या दारात यावे लागेल. आणि भाषणे कांदा-कापसावर करावी लागतील. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले गेले, वेचणीच्या तोंडावर. वर्षअखेरपर्यंत ती सवलत चालली. त्या चार महिन्यांत खानदेशातल्या किती लोकप्रतिनिधींनी आपल्या नेत्यासमोर तोंड उघडले? उघडणार तरी कसे? पुढचे तिकीट त्या नेत्याकडे आहे, आपल्याकडे नाही.

कायदा बदलायला वेळ लागेल. पक्ष आपणहून तिकीट सोडणार नाहीत. पण नॉर्थ डाकोटाच्या शेतकऱ्यांनी आधी आपल्या सभासदांच्या बैठका घेतल्या, ते करायला आपल्याला कोणाची परवानगी लागत नाही. म्हणून जिल्हा बैठकीपुढे आम्ही दोन गोष्टी ठेवत आहोत. जिल्हा परिषदेचा प्रत्येक गट धरून आपल्या सभासदांची बैठक व्हावी, पक्षांच्या इच्छुकांना तिकीट मिळण्याआधीच बोलवावे, निर्यातबंदी, आयात शुल्क, बाजार समितीतले मत आणि थकबाकीदाराचे मत या चार प्रश्नांवर त्यांच्याकडून लेखी घ्यावे, आणि मग कोणाला पाठिंबा द्यायचा ते गुप्त मतदानाने ठरवावे. मतपेटी साधी डब्याची चालेल. बायांची मते वेगळी मोजू नयेत, पण त्या निम्म्या आल्या नाहीत तर ती बैठक झाली असे धरू नये. हे जळगाव जिल्ह्याला जास्त लागू आहे. तेथल्या जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर वर्षानुवर्षे प्रशासकच कारभार पाहत राहिले. तेथे तर पुढाऱ्यालाही मताची सवय सुटली असेल.

दुसरी गोष्ट सोसायटीची. जिल्हा बँकेसाठी प्रतिनिधीचा ठराव करण्याआधी त्याचे नाव सर्वसाधारण सभेत सर्व सभासदांपुढे ठेवावे, अशी मागणी प्रत्येक गावाने लेखी करावी. संचालक मंडळ ऐकेलच असे नाही. पण मागणीचा कागद दप्तरी राहतो.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपल्या सोसायटीच्या सभासदांची यादी आणावी. मयत किती, वारस नोंद न झालेले किती, थकबाकीदार किती आणि महिला किती, हे चार आकडे तिच्या मागे लिहून आणावेत. गटसचिव यादी देत नसेल तर त्याच्याकडे अर्ज द्यावा, अर्जाची पोच घ्यावी आणि यादीऐवजी ती पोच घेऊन यावे.